साखरेमागचा दाह

‘साखरेने किडनी गेली’ असं आपण म्हणतो, पण हे काम साखर एकटी करत नाही.

किडनीत रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे बारीक झुपके असतात. वाढलेल्या साखरेने त्यांना इजा झाली की तिथल्या पेशी एमसीपी-१ हा रेणू सोडतात. त्या हाकेला ओ देऊन रक्तातल्या मोनोसाइट पेशी आत शिरतात, मॅक्रोफेज बनतात आणि टीएनएफ-अल्फासारखी दाहक द्रव्यं सोडत राहतात. इजा भरून काढणारी ही यंत्रणा थांबतच नाही. शेवटी गाळणीच्या जागी तंतुमय व्रण उरतो.

बोस्टनच्या जोस्लिन केंद्रातील संशोधकांनी २०१९ मध्ये रक्तातली दाहाशी निगडित १७ प्रथिनं किडनी निकामी होण्याच्या धोक्याशी जोडून दाखवली. २०२० च्या फिडेलिओ चाचणीत दाह आणि व्रण रोखणाऱ्या फिनेरेनोन या औषधाने टाइप २ मधुमेहींच्या किडनीची घसरण मंदावली.

टाइप २ मध्ये निदानापासूनच दरवर्षी लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासायला हवं. ते ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर काहीही त्रास जाणवत नसतानाच डॉक्टरांना गाठावं.