मोटोजीपी: हंगामाची पहिली फेरी जिंकणारा वर्षअखेर विजेता ठरतो का?

मोटोजीपीचा हंगाम साधारण फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चमध्ये सुरू होतो. पहिली शर्यत संपली की चाहत्यांचे निकालही लगेच लागतात. 'यंदा हाच जिंकणार', 'त्याचे दिवस संपले', 'कंपनीची गाडीच फसली', अशी वाक्यं अकोल्यातल्या कट्ट्यावरही ऐकू येतात आणि स्पेनमधल्या कॅफेतही. गेल्या काही हंगामांची आकडेवारी पाहिली, तर यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा चुकतं. तरीही पहिल्या फेरीतून काही गोष्टी नक्की कळतात. त्या कोणत्या, हे समजून घेऊ.

फेरी म्हणजे नेमकं काय?

मोटोजीपी हा 'रोड रेसिंग'चा प्रकार आहे. नाव रोड रेसिंग असलं तरी शर्यत सार्वजनिक रस्त्यावर होत नाही, बंदिस्त डांबरी ट्रॅकवर होते. मातीच्या ट्रॅकवरच्या मोटोक्रॉसपासून हा प्रकार वेगळा ओळखता यावा म्हणून हे नाव वापरलं जातं.

एक फेरी तीन दिवसांची असते. शुक्रवारी सराव, शनिवारी पात्रता आणि स्प्रिंट, रविवारी मुख्य शर्यत. स्प्रिंट म्हणजे साधारण निम्म्या अंतराची छोटी शर्यत. ती २०२३ पासून सुरू झाली. मुख्य शर्यतीत पहिल्याला २५, दुसऱ्याला २० आणि तिसऱ्याला १६ गुण मिळतात आणि गुण पंधराव्या क्रमांकापर्यंत दिले जातात. स्प्रिंटमध्ये पहिल्याला १२ गुण मिळतात आणि पहिल्या नऊ जणांनाच गुण असतात.

म्हणजे एका फेरीत जास्तीत जास्त ३७ गुण मिळवता येतात. २०२५ मध्ये २२ फेऱ्या होत्या, म्हणजे हंगामात एकूण ८१४ गुण पणाला होते. वऱ्हाडातल्या शंकरपटात जोडी काही सेकंदांत अंतर कापते आणि तिची वेळ लागते. मोटोजीपीत तसा एका धावेचा हिशेब नसतो, आठ-नऊ महिन्यांची बेरीज असते.

आकडे काय सांगतात?

२०१२ ते २०२५ या १४ हंगामांत मोटोजीपी गटाची पहिली मुख्य शर्यत जिंकणारा रायडर फक्त चार वेळा विश्वविजेता झाला: २०१२ मध्ये होर्गे लोरेन्झो, २०१४ मध्ये मार्क मार्केझ, २०२३ मध्ये फ्रान्चेस्को बन्याया आणि २०२५ मध्ये पुन्हा मार्केझ. उरलेल्या दहा वेळा पहिल्या दिवशीचा विजेता एक आणि वर्षअखेरचा विजेता दुसरा होता.

२०१८ आणि २०१९ मध्ये कतारची पहिली शर्यत आंद्रेया डोव्हिझिओसोने जिंकली. दोन्ही वेळा मार्केझ दुसरा आला. अंतर होतं अनुक्रमे ०.०२७ आणि ०.०२३ सेकंद. दोन्ही वर्षी जगज्जेतेपद मात्र मार्केझने मिळवलं.

२०२० मध्ये करोनामुळे मोटोजीपी गटाची पहिली शर्यत जुलैमध्ये स्पेनच्या हेरेझला झाली. जोआन मीर त्या शर्यतीत पडला आणि त्याला एकही गुण मिळाला नाही. हंगामात त्याने फक्त एक शर्यत जिंकली, पण सातत्याच्या जोरावर विजेता तोच ठरला.

२०२२ मध्ये बन्याया कतारच्या पहिल्या शर्यतीत पडला. दहा फेऱ्यांनंतर तो फाबियो क्वार्तारारोपेक्षा ९१ गुणांनी मागे होता. तरीही वर्षअखेरीस तो १७ गुणांनी पुढे राहिला.

२०२४ मध्ये नेमकं उलट घडलं. कतारमधली पहिली मुख्य शर्यत बन्यायाने जिंकली, स्प्रिंट होर्गे मार्टिनने. फेरीअखेर बन्यायाचे ३१ आणि मार्टिनचे २८ गुण होते. बन्यायाने वर्षभरात ११ मुख्य शर्यती जिंकल्या, मार्टिनने फक्त तीन. पण अखेरचा हिशेब ५०८ विरुद्ध ४९८ असा झाला आणि विजेतेपद मार्टिनला मिळालं.

मग पहिली फेरी महत्त्वाची का असते?

पहिलं कारण दुखापत. गमावलेले गुण भरून काढता येतात, पण मोडलेलं हाड वेळ घेतं. २०२० मध्ये हेरेझच्या पहिल्याच शर्यतीत मार्केझचा उजवा दंड मोडला. त्याचा तो पूर्ण हंगाम गेला आणि पुढच्या काळात त्या हातावर एकूण चार शस्त्रक्रिया झाल्या. त्याला पुढचं जगज्जेतेपद थेट २०२५ मध्ये मिळालं. २०२५ च्या पहिल्या फेरीत गतविजेता मार्टिन दुखापतीमुळे उतरूच शकला नव्हता.

दुसरं कारण इंजिन. कंपनीला हंगामासाठीच्या इंजिनाची रचना पहिल्या फेरीलाच निश्चित करावी लागते. मागे पडलेल्या कंपन्यांना 'कन्सेशन' नियमांनुसार सुधारणेची सवलत मिळते, इतरांना वर्षभर तेच इंजिन चालवावं लागतं. त्यामुळे सरळ पट्ट्यावर एखादी गाडी सतत मागे पडत असेल, तर ती उणीव लवकर दूर होण्याची शक्यता कमी असते.

तिसरं कारण टायर. २ मार्च २०२५ ला थायलंडच्या बुरीरामला झालेली शर्यत याचं चांगलं उदाहरण आहे. पुढच्या टायरमध्ये किमान १.८ बार दाब, म्हणजे पंक्चरच्या दुकानातल्या मापात सुमारे २६ पौंड हवा, मुख्य शर्यतीच्या किमान ६० टक्के अंतरासाठी असावीच लागते. कमी भरली तर १६ सेकंदांचा दंड होतो. मोकळ्या हवेत पुढे धावणाऱ्या गाडीचा टायर थंड राहतो आणि दाब उतरतो. दुसऱ्याच्या मागे राहिलं की गरम हवेमुळे दाब वाढतो. आघाडीवर असलेल्या मार्केझने म्हणून मुद्दाम वेग कमी करून धाकटा भाऊ अ‍ॅलेक्सला पुढे जाऊ दिलं, बराच वेळ त्याच्या मागे राहिला आणि शेवटच्या काही लॅप उरल्या असताना पुन्हा पुढे गेला. स्प्रिंटही त्यानेच जिंकली होती, म्हणजे ३७ पैकी ३७ गुण. त्या हंगामाचं विजेतेपद त्याने पाच फेऱ्या शिल्लक असतानाच जपानमध्ये निश्चित केलं.

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

संबंध पैशाचाही आहे आणि गाड्यांचाही. अकोल्याच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या केटीएम ड्यूकसारख्या छोट्या गाड्या पुण्याजवळच्या चाकणला तयार होतात. मूळची ऑस्ट्रियाची केटीएम २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २५ फेब्रुवारी २०२५ ला, म्हणजे बुरीरामच्या फेरीला काही दिवस उरले असताना, देणेकऱ्यांनी तोडग्याची योजना मान्य केली. पुण्याच्या बजाज ऑटोने पुढे ८० कोटी युरोंची तरतूद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केटीएमच्या मूळ कंपनीचा ताबा घेतला.

बुरीरामच्या मुख्य शर्यतीत केटीएमचा एकही रायडर पहिल्या सात जणांत नव्हता. 'केटीएम संपली' असं म्हणायला ते पुरेसं वाटलं असतं. पण संघ पूर्ण हंगाम खेळला. एकही शर्यत जिंकता आली नाही, तरी त्यांचा पेड्रो अकोस्टा गुणतक्त्यात चौथा राहिला.

त्याआधी मुंबईच्या महिंद्रानेही जागतिक मालिकेत संघ उतरवला होता. २०११ मध्ये १२५ सीसी गटात आणि २०१२ ते २०१७ मोटो३ या छोट्या गटात. २०१६ मध्ये कतारच्या पहिल्या शर्यतीत बन्यायाने महिंद्राच्या गाडीवर तिसरा क्रमांक मिळवला. त्याच वर्षी जूनमध्ये नेदरलँड्सच्या आसनला त्याने महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला. तोच रायडर पुढे दोनदा मोटोजीपी विजेता झाला.

पहिली शर्यत बघताना लक्ष कुठे ठेवायचं?

• शेवटच्या पाच-सहा लॅपमध्ये कोणाचा वेग टिकतो? सुरुवातीच्या वेगापेक्षा तो जास्त सांगतो.
• एकाच कंपनीचे किती रायडर पहिल्या दहात आहेत? एकच पुढे असेल तर कौशल्य रायडरचं असण्याची शक्यता जास्त, तीन-चार असतील तर गाडीही चांगली आहे.
• ट्रॅक कोणाला मानवणारा आहे? बुरीरामची उष्णता किंवा कतारची रात्रीची शर्यत युरोपातल्या ट्रॅकवर पुन्हा भेटत नाही.
• पडलेला रायडर चालत परतला का? पुढच्या फेऱ्यांसाठी ही माहिती गुणतक्त्याइतकीच महत्त्वाची असते.

स्वतः शर्यतीत उतरायचं असेल तर?

अकोला ते अमरावती या राष्ट्रीय महामार्गावर जून २०२२ मध्ये सुमारे १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबरी थर टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पण रस्ता कितीही गुळगुळीत असला तरी तो ट्रॅक नव्हे. तिथे समोरून ट्रॅक्टर येतो आणि कडेला रुग्णवाहिका उभी नसते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अधिकृत मार्ग राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेचा आहे. तिच्या शर्यती प्रामुख्याने चेन्नईजवळच्या आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर होतात. त्यासाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेचा परवाना लागतो. तिथेही विजेता ठरतो तो हंगामभराच्या गुणांच्या बेरजेवरच.