विमानाच्या टायरातील दाब

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवितात ती लाकूड झिजू नये म्हणून, आणि सायकलीच्या चाकावर रबरी टायर चढतो तो बसणाऱ्यास हादरे बसू नयेत म्हणून. विमानाच्या चाकाचे काम ह्या दोहोंहून कठीण. सबंध प्रवासात ते जमिनीवर काही मिनिटेच फिरते. परंतु तेवढ्या अवधीत ताशी दीडशे मैलांच्या वेगाने शेकडो माणसांचा भार त्याला तोलावा लागतो.

आरंभी विमानाला चाकेच नव्हती. 17 डिसेंबर 1903 रोजी राइट बंधूंचे यंत्र रुळावरून सुटले आणि घसरपट्ट्यांवर वाळूत उतरले. पुढे 1906 साली सांतोस-द्युमाँ ह्यांनी पॅरिस येथे चाकांवर धावणारे विमान उडविले. हवेच्या टायराची सायकल डनलॉप ह्यांनी 1888 मध्येच प्रचारात आणली होती. तिचेच हलके चाक विमानाने उसने घेतले. पण विमाने जड होऊ लागली, तसे हे उसने चाक पुरेना.

येथे साधे गणित आहे. टायरावरील भार मुख्यतः आतील हवा तोलते. एका चाकावर 40,000 पौंड भार असला व दाब दर चौरस इंचास 40 पौंड असला, तर जमिनीला टेकणारा भाग सुमारे 1,000 चौरस इंच हवा. दाब 200 पौंड केला की 200 चौरस इंच पुरतात. उड्डाणानंतर चाक पोटात मिटवून घ्यावयाचे असल्याने ते लहान हवे, आणि लहान चाक हवे तर दाब मोठा हवा. मोटारीच्या टायरात तीस-पस्तीस पौंड, तर प्रवासी विमानाच्या टायरात दोनशेच्या आसपास दाब असतो, त्याचे मर्म हेच.

उलट वाट धरून पाहिली गेली नाही असे नव्हे. 8 ऑगस्ट 1946 रोजी अमेरिकेत उडालेल्या एक्सबी-36 ह्या प्रचंड बाँबफेकी विमानाला दोन्ही बाजूंस एकेकच मुख्य चाक होते. त्याच्या टायराचा व्यास 110 इंच, म्हणजे पुरुषभर उंचीहूनही अधिक! एवढा भार दोनच ठिकाणी एकवटल्यामुळे त्याला पेलण्याजोग्या जाड काँक्रीटच्या धावपट्ट्या मोजक्याच निघाल्या. अखेरीस प्रत्येक बाजूस चार-चार लहान चाके आली. भार वाटून द्यावा, हा धडा तेव्हापासून पक्का झाला.

मोठ्या दाबाचा आणखी एक लाभ 1963 साली अमेरिकेच्या नासा संस्थेतील संशोधकांनी मांडला. ओल्या धावपट्टीवर ठराविक वेगापुढे टायर पाण्यावर तरंगू लागतो व ब्रेक निष्फळ होतो. हा वेग नॉटमध्ये दाबाच्या वर्गमुळाच्या सुमारे नऊपट असतो; 100 पौंड दाबास 90 नॉट. पाणी निघून जावे म्हणून टायरावर परिघाभोवती सरळ चर ठेवतात. मोटारीसारखी नक्षी मात्र लागत नाही, कारण विमानाला पुढे नेणारा जोर चाकांतून येत नाही.

तथापि टायराचा खरा वैरी उष्णता. दाब उणा पडला की प्रत्येक फेऱ्यात टायराची कड अधिक दबते आणि रबर आतून तापते. ब्रेकच्या उष्णतेने टायर फुटू नये म्हणून चाकात ठराविक तापमानाला वितळणारी बुचे बसवितात. ती वितळली की हवा हळूहळू निघून जाते. पण ही व्यवस्थाही प्रत्येक प्रसंगी पुरी पडत नाही.

31 मार्च 1986 रोजी मेक्सिको सिटीहून निघालेल्या मेक्सिकाना कंपनीच्या बोइंग 727 विमानाच्या एका टायरात नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. ब्रेक अतोनात तापला. तापलेल्या रबरातून निघणाऱ्या ज्वालाग्राही वायूंस हवेतील ऑक्सिजन मिळाला की स्फोट व्हावयास ठिणगीचीही गरज नसते. टायर आकाशातच फुटला, इंधनाच्या नळ्या तुटल्या आणि 167 माणसे प्राणांस मुकली. पुढील वर्षी अमेरिकेच्या विमान-नियामक खात्याने मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत नायट्रोजनची सक्ती केली. आतील वायूत ऑक्सिजन शेकडा 5 हून अधिक नसावा, ही मर्यादा ठरली.

नियम झाला, पण तो पाळणे माणसाच्याच हाती राहिले. 11 जुलै 1991 रोजी जेद्दा येथून नायजेरियाच्या हाज यात्रेकरूंना घेऊन एक डीसी-8 विमान निघावयाचे होते. टायरांत दाब कमी असल्याचे तंत्रज्ञांस ठाऊक होते. परंतु नायट्रोजन लगेच मिळेना आणि उशीर सोसण्याची तयारी नव्हती. धावपट्टीवर उण्या टायराचा भार शेजारच्या टायरावर पडला, दोन्ही फुटले, आणि चाके पोटात मिटताच आगही आत गेली. 261 जणांपैकी एकही वाचला नाही.

टायराच्या पोटातील वायू डोळ्यांस दिसत नाही, आणि दाबमापकाचा काटा पाहावयास थोडाच वेळ लागतो. जेद्दा येथे मात्र काटा पाहिलेला होता. त्याचे ऐकण्यापुरता वेळ तेवढा कोणी दिला नाही.