गे जोडप्याचं नातं: दोघं एकमेकांना सावरतात, पण त्या दोघांना कोण सावरतं?

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण गाठायचं तर एसटी नाहीतर बाइक. शेजारच्या शहापूर तालुक्यात आसनगावला लोकल थांबते, त्यामुळे तिथली पोरं कॉलेजला आणि नोकरीला ठाण्या-मुंबईकडे जातात. समजा, या दोन तालुक्यांतली दोन मुलं आहेत. दोघंही चोवीस-पंचवीसची. एक एमआयडीसीत कामाला, दुसरा रोज कसारा लाइनवर उभ्याने प्रवास करणारा. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि घरी कुणालाच माहीत नाही.

रविवारी ती दोघं एका बाइकवरून सिद्धगडला जातात. बोरवाडीत भाई कोतवाल आणि हिराजी पाटलांच्या स्मारकापाशी गाडी लावायची, माची चढायची, एका तंबूत रात्र काढायची. गावात कुणी काही विचारत नाही. मुलगा-मुलगी असे गेले असते तर संध्याकाळपर्यंत दोन्ही घरी फोन गेले असते. दोन मुलगे गेले की 'ट्रेकला गेलेत'.

सवलतच म्हणायची ही. पण तिची दुसरी बाजू आहे. उद्या या दोघांचं बिनसलं, तर त्यांच्यात काही होतं हे कुणाला ठाऊकच नाही. चार दिवस जेवण गेलं नाही तर आई विचारणार, "कामावर काही झालं का?" आणि तो 'हो' म्हणणार.

गे जोडप्यांच्या नात्याबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा कायद्यावर किंवा 'समाज काय म्हणेल' यावर थांबतो. हा लेख त्याच्या आतल्या गोष्टीबद्दल आहे. बाहेरून आधार नसताना दोन माणसं एकमेकांना कशी सांभाळतात, त्या सांभाळण्यात कुठे दमतात आणि नातं वाढायला काय लागतं?

लपवण्याचा थकवा

नात्यात भांडणं सगळ्यांचीच होतात. फरक असा की इथे भांडणाचं मूळ अनेकदा त्या दोघांत नसतंच.

अमेरिकन संशोधक इलान मायर यांनी 2003 साली 'मायनॉरिटी स्ट्रेस'ची मांडणी केली. समलैंगिक असण्यामुळे कुणाची मानसिक तब्येत बिघडत नाही, आजूबाजूच्या वागण्यामुळे बिघडते, हा त्यातला मुख्य मुद्दा. प्रत्यक्ष अपमान किंवा मारहाण हा त्याचा एक भाग. बाकीचे भाग दिसत नाहीत: कुणीतरी नाकारेल या भीतीने सतत सावध राहणं, ओळख लपवणं आणि लहानपणापासून ऐकलेली हेटाळणी स्वतःच्याच मनात मुरणं.

हे रोजच्या जगण्यात कसं दिसतं? फोनमध्ये जोडीदाराचं नाव 'सचिन ऑफिस' म्हणून सेव्ह केलेलं असतं. लग्नाच्या हळदीत तो आला तर त्याच्यापासून मुद्दाम लांब उभं राहायचं. मग रात्री भांडण: "तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस." बघितलं नाही ते भीतीने. पण समोरच्याला ते दुर्लक्ष वाटलं. दोघंही खरं बोलत असतात, म्हणूनच हे भांडण लवकर मिटत नाही.

नातं पुढे सरकतं ते इथेच. 'तू मला टाळलंस' याऐवजी 'तिथे आपण दोघंही घाबरलो होतो' असं म्हणता आलं, की भांडणाचा विषय जोडीदार राहत नाही, परिस्थिती होते. वाक्य छोटं आहे, पण ते म्हणायला काहींना दोन-तीन वर्षं लागतात.

जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हेन्सन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी समलिंगी जोडप्यांचा बारा वर्षं अभ्यास केला होता. त्यातलं एक निरीक्षण आशा देणारं आहे. मतभेदाचा विषय काढताना ही जोडपी भिन्नलिंगी जोडप्यांपेक्षा जास्त विनोद आणि जिव्हाळा वापरतात, हुकमत कमी गाजवतात. 'घरातला पुरुष कोण' हा प्रश्न आधीच निकालात निघालेला असल्यामुळे असेल कदाचित. पण त्याच अभ्यासात गे पुरुषांसाठी एक इशाराही आहे. विषय काढणारा फारच कडवट झाला, तर दुसऱ्याला ते भांडण सावरून घेणं जड जातं. म्हणजे सुरुवात कोणत्या सुरात होते याला इथे जास्त महत्त्व आहे.

एक सांगायला तयार, दुसरा नाही

तरुण जोडप्यांमध्ये सगळ्यात मोठी ओढाताण होते ती घरी सांगण्यावरून. एकाने मोठ्या बहिणीला सांगितलेलं असतं, ऑफिसातल्या दोघा मित्रांना माहीत असतं. दुसऱ्याच्या घरी मात्र स्थळं बघणं सुरू झालेलं असतं. पहिल्याला वाटतं, हा भित्रा आहे, उद्या कांदेपोहे खाऊन मोकळा होईल. दुसऱ्याला वाटतं, याला माझं घर कळतच नाही.

मला विचाराल तर 'धाडस दाखव, सांगून टाक' हा इंटरनेटवर सर्रास मिळणारा सल्ला गावाकडच्या मुलाला देताना दहादा विचार करावा. ज्याची जमीन, घर आणि रोजची भाकरी कुटुंबाशी बांधलेली आहे, त्याने सांगण्याची किंमत मुंबईत भाड्याने राहणाऱ्या मुलापेक्षा वेगळी असते. इथे आधार देणं म्हणजे वाट बघणं. पण वाट बघण्यालाही काही बोली हवी. 'कधीतरी सांगीन' आणि 'धाकट्या बहिणीचं लग्न झालं की आधी मामाशी बोलेन' यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्यावर माणूस थांबू शकतो.

एक गोष्ट मात्र वाट बघण्यात बसत नाही. घरच्यांच्या समाधानासाठी एखाद्या मुलीशी लग्न करून हे नातं बाजूला चालू ठेवायचं, हा 'मधला मार्ग' आजही सुचवला जातो. त्यात तिसऱ्या माणसाचं आयुष्य तिला न विचारता वापरलं जातं. पुण्यात 2002 साली समपथिक ट्रस्ट सुरू करणारे बिंदुमाधव खिरे यांनी स्वतःच्या मोडलेल्या लग्नाबद्दल उघडपणे सांगितलं आहे. या विषयावर मराठीत सातत्याने लिहिणारे ते मोजक्या लोकांपैकी एक. त्यांचं 'पार्टनर' हे पुस्तक अनेक मराठी मुलांनी लपवून वाचलं.

गावातलं प्रेम पडद्यावर

ही गोष्ट शहरी, इंग्रजी बोलणाऱ्यांची असते असा समज आहे. 2025 साली एका मराठी सिनेमाने त्याला चांगलंच उत्तर दिलं. रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. सप्टेंबर 2025 मध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातच शेती करणारा, लग्न टाळत राहिलेला बाळ्या, यांची ही गोष्ट.

या सिनेमात प्रेमाच्या आणाभाका जवळजवळ नाहीत. एक माणूस दुःखात आहे आणि दुसरा त्याच्याजवळ बसून राहतो, काटे काढलेली साबर बोंडं आणून देतो. आपल्याकडे पुरुष एकमेकांची काळजी घेतात ती अशीच, न बोलता. त्यामुळे प्रेक्षकाला त्यात परकं काही वाटत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात राहते ती आईची. आनंदच्या आईला सगळं माहीत आहे. नातेवाईक 'लग्न कधी' म्हणून मागे लागतात तेव्हा तीच मुलाला ढाल होते, त्यासाठी खोटंही पुरवते. आदर्श पालक असं वागतील का, हा वाद घालता येईल. पण भावकीने भरलेल्या घरात एका बाईला मुलासाठी जेवढं करता येतं तेवढं ती करते. आनंदचा भार बाळ्यावर एकट्यावर पडत नाही, तो या आईमुळे.

तिसरं माणूस का लागतं?

सिद्धगडावरच्या त्या काल्पनिक जोडीकडे परत येऊ. त्या दोघांचं नातं हीच एक जागा आहे जिथे त्यांना खरं बोलता येतं. त्यामुळे सगळं तिथेच येऊन पडतं. साहेबाचा त्रास, वडिलांचं टोचून बोलणं, स्वतःबद्दलची शंका, पैशाची चणचण. एकच माणूस मित्र, भाऊ, डॉक्टर आणि प्रियकर अशा चारही भूमिका करतो. सुरुवातीला हे फार गोड वाटतं: 'तूच माझं सगळं.' वर्षभराने तेच ओझं होतं. एकाला वाईट वाटलं की दुसऱ्याला स्वतःचं वाईट वाटणं बाजूला ठेवावं लागतं आणि ते साठत जातं.

लग्न झालेल्या जोडप्याचं भांडण झालं की मावशी, सासू, शेजारची काकू मध्ये पडते. कधी कधी नको इतकी. पण ती पडते. गे जोडप्याला ही माणसं स्वतः जमवावी लागतात. सुरुवात एका माणसापासून होते: एखादी चुलत बहीण, कॉलेजची मैत्रीण, जिला दोघंही माहीत आहेत आणि जी दोघांनाही 'तुझं चुकलं' म्हणू शकते.

संस्था आहेत, पण बहुतेक शहरांत. मुंबईचा हमसफर ट्रस्ट 1994 पासून काम करतो. पालकांसाठी 'स्वीकार - द रेनबो पेरेंट्स' हा पालकांनीच चालवलेला गट आहे. मराठी रंगभूमीवरच्या चित्रा पालेकर या समलैंगिक मुलीची आई म्हणून उघडपणे बोलणाऱ्या पालकांपैकी एक. घरी सांगायचं ठरलं, तर अशा पालकांचं मराठीतलं बोलणं आईला ऐकवणं दहा लेखांपेक्षा उपयोगी पडतं.

मुरबाडहून मुंबईला जाणं दर वेळी जमणार नाही. फोनवर मदत हवी असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. डॉक्टरकडे जात असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 सालीच काढली. ती 'बरी करण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. कुणी गोळ्या, शॉक किंवा 'लग्न करून बघ' असं सांगितलं तर तिथून उठून यावं.

कागदावर हे नातं कुठे आहे?

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रौढांमधल्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. 17 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे एकत्र राहणं गुन्हा नाही, पण नवरा-बायकोसारखा दर्जाही नाही. डिसेंबर 2017 मध्ये यवतमाळमध्ये तिथल्याच एका, अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाने आपल्या परदेशी जोडीदारासोबत लग्नसमारंभ केला होता, त्याची भरपूर चर्चाही झाली. असा समारंभ कुणीही करू शकतं. भारतीय कायद्यात मात्र त्याने काही बदलत नाही.

तरीही काही गोष्टी आजच करता येतात. समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतंही बंधन नाही, असं केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं. रेशन कार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबात धरावं, अशी सूचनाही राज्यांना गेली आहे. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. जोडीदाराच्या नावाने काही ठेवायचं असेल तर दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं मृत्युपत्र लागतं. ते नसेल तर हिंदू वारसा कायद्यानुसार सगळं रक्ताच्या नात्यांकडे जातं, जोडीदाराचं नाव त्यात कुठेच नाही.

फारसं माहीत नसलेला एक कागद आणखी आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे कोणतीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमू शकते. तो नातेवाईकच असावा अशी अट नाही. त्याची लेखी संमती मात्र लागते. मानसिक आजारावरच्या उपचारांत निर्णय घ्यायला आपल्यासोबत कोण असावं, हे त्यातून आधीच ठरवता येतं.

चोवीस-पंचविशीत मृत्युपत्राचं बोलणं विचित्र वाटतं हे खरं. पण बाइकवरून माळशेजच्या रस्त्याने जाणाऱ्या दोघांनी निदान एक तरी ठरवून ठेवावं: अपघात झाला तर दवाखान्यातून पहिला फोन कुणाला जाईल, आणि 'सचिन ऑफिस'ला ते कोण कळवेल.