नामवंत चुलीपुढें

महाभारतांतील नलोपाख्यानांत राजा नल हा बाहुक नांवाच्या कुरूप सारथ्याच्या रूपांत वावरत असतां दमयंतीला चेहऱ्यावरून ओळखतां आला नाहीं. पण त्यानें शिजविलेलें अन्न चाखतांच तिला खूण पटली. चेहरा लपला, हात लपला नाहीं. एकविसाव्या शतकांत दूरचित्रवाणीनें हा प्रकार नेमका उलटा केला. नामवंतांच्या पाकस्पर्धेंत चेहरा घरोघरीं परिचित असतो. हाताची पारख तेवढी व्हावयाची असते.

दूरचित्रवाणीचा आणि स्वयंपाकाचा संबंध जुना आहे. लंडनच्या बी. बी. सी. नें १९३६ च्या नोव्हेंबरांत नियमित दूरचित्रवाणी सुरू केली, आणि १९३७ च्या जानेवारींतच मार्सेल बूलेस्तां हे फ्रेंच उपाहारगृहचालक तीवर पाककृति शिकवूं लागले. तेथें बल्लव गुरु होता व प्रेक्षक शिष्य. पुढें १९९० सालीं दिग्दर्शक फ्रँक रॉडम यांच्या कल्पनेंतून ‘मास्टरशेफ’ ही स्पर्धा निघाली, आणि घरीं रांधणारीं सामान्य माणसें परीक्षकांपुढें उभीं राहिलीं. २००५ सालीं तिला नवें रूप मिळालें व २००६ मध्यें तिची नामवंतांसाठीं निराळी शाखा निघाली.

तिचा पहिला विजेता मॅट डॉसन हा २००३ चा रग्बी विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघांतील खेळाडू. २०११ सालीं त्याच संघांतील फिल व्हिकरी यानेंही हा मान मिळविला. घड्याळाच्या धाकांत डोकें शांत ठेवण्याची मैदानावरील शिस्त चुलीपुढेंही उपयोगी पडली असावी. २०१० ची विजेती, अभिनेत्री लिसा फॉकनर, हिनें तर पुढें पाककृतींचीं पुस्तकें लिहिलीं.

भारतांत ‘मास्टरशेफ’ २०१० सालीं आली. पहिल्या विजेत्या पंकज भदौरिया या लखनौच्या शिक्षिका होत्या. नामवंतांची स्पर्धा २०२५ च्या जानेवारींत सोनी वाहिनीवर सुरू झाली. तींत मराठी रंगभूमीच्या ज्येष्ठ अभिनेत्री उषा नाडकर्णी यांनीही भाग घेतला. एप्रिलांत अभिनेते गौरव खन्ना विजयी ठरले.

दूरचित्रवाणी रूप व ध्वनि पोंचविते. रुचि व गंध पोंचवूं शकत नाहीं. पदार्थाची चव प्रेक्षकाला समोरच्या मुद्रांवरूनच वाचावी लागते, आणि मुद्रा ओळखीची असली कीं हें वाचन सोपें होतें. नामवंतांना चुलीपुढें आणण्याचें मर्म बहुधा यांतच आहे. परंतु कीर्तीचा उपयोग येथवरच. मीठ अधिक पडलें तर नांवाच्या जोरावर तें कमी होत नाहीं. वेळ संपली कीं हात थांबवावाच लागतो. जें कौशल्य घरोघरच्या गृहिणी रोज, गुणांवांचून आणि टाळ्यांवांचून, दाखवीत आल्या, त्याच्यापुढें मोठमोठ्यांची तारांबळ उडते. या खेळांतून पाकशास्त्राला किती लाभ झाला, हा प्रश्न वादाचा असो. पण स्वयंपाक हें सोपें काम नव्हे, इतकें पटण्यासाठीं जगाला प्रसिद्ध माणसांची फजिती पाहावी लागली, हें मात्र विचार करण्यासारखें आहे.