बाक, बँक आणि दूधपेढी

दूधपेढीत बाळंतिणींचे जास्तीचे दूध गोळा होते, तपासले जाते, 62.5 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटे तापवून गोठवले जाते आणि दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाला दिले जाते. ते मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या, दीड किलोच्या आतल्या बाळांसाठी असते. आशियातली अशी पहिली पेढी मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. जगातली पहिली व्हिएन्नात 1909 साली निघाली. ती काढणारे थिओडोर एशेरिख म्हणजे ज्यांचे नाव ई. कोलाय या जंतूला मिळाले तेच.

दुधाचा पेढीशी संबंध आला कसा, हा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. त्यासाठी आधी पेढी हा शब्दच पाहू. जयसिंगपूर हे शाहू महाराजांनी 1917 साली व्यापारासाठी वसवलेले गाव. अशा गावात पेढी म्हटले की डोळ्यांपुढे येते ती गादी, लोड, उतरते डेस्क आणि चोपड्या. पेढी म्हणजे मुळात व्यापाऱ्याची बसण्याची जागा. संस्कृत पीठिका, प्राकृत पेढिआ आणि मराठी-गुजराती पेढी अशी ही वाट आहे. मराठी-कन्नड सीमाभागात याहून वेगळी एक व्युत्पत्ती सहज सुचते. कन्नडमध्ये बाजाराला पेटे म्हणतात, मराठीत पेठ, तेव्हा पेढी ही पेठेचीच लेक असावी. कल्पना गोड आहे, पण टिकत नाही. दोन स्वरांमधल्या ठ चा ढ होणे ही प्राकृताची नेहमीची चाल आहे. मठाचा मढ झाला, पठ् चे पढणे झाले. पीठ शब्दातल्या ई चा ए होतो, हे तर हेमचंद्राने बाराव्या शतकातच आपल्या व्याकरणात नोंदवले आहे. पेठ द्राविडी घरची आणि पेढी प्राकृत घरची. दोघी एकाच बाजारात भेटल्या, एवढेच नाते.

खरी गंमत पुढे आहे. इंग्रजी बँक आली इटालियन बांका या शब्दावरून, आणि बांका म्हणजे बाकडे. सराफ चौकात बाकड्यावर नाणी मांडून बसत, त्या बाकड्यानेच धंद्याला नाव दिले. म्हणजे भूमध्य समुद्राकाठी आणि इकडे, दोन्हीकडे पैशाच्या घराला बसायच्या जागेचेच नाव मिळाले, तेही एकमेकांना न विचारता. त्याच कुळातला पोर्तुगीज बांको कोकणीत बांक झाला आणि मराठी शाळेत बाक होऊन बसला. बाक म्हणजे वाकलेपणा, तेव्हा हा शब्दही वक्रावरूनच आला असणार, असे कुणी म्हणेल. पण शाळेतला बाक सरळसोट फळीचा असतो, त्यावर बसणाऱ्या पोराच्या पाठीला बाक आला तर येतो. तेव्हा बाक आणि बँक सख्खी भावंडे, आणि पेढी त्यांची मानलेली बहीण.

पैशाचा शब्द शरीरातल्या द्रवाला लागला तो शिकागोत. कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी 1937 साली रक्तसाठ्याला ब्लड बँक म्हटले. मराठीने त्याची रक्तपेढी केली, आणि दूधपेढी तिच्याच पावलावर पाऊल ठेवून आली असणार. जर्मनांनी मात्र दूध गोळा करण्याचे ठिकाण असा साधा शब्द केला, फ्रेंचांनी लॅक्टेरियम. ते शब्द अधिक प्रामाणिक आहेत, कारण पेढीत ठेव ठेवणारा ती परत मागतो, दूध देणारी मागत नाही.

तरीही हिशेब हा शब्द इथे शोभतो, तो प्रथिनांमुळे. पेढीत दूध देणाऱ्या बहुतेक बायका पूर्ण दिवस भरलेल्या आणि बाळंतपणाला काही आठवडे झालेल्या असतात. त्यांच्या 100 मिलीलिटर दुधात प्रथिने जेमतेम 1 ग्रॅम. 1.2 किलोच्या बाळाला दिवसाला किलोमागे 180 मिलीलिटर पाजले तरी 2.2 ग्रॅमच पोटात जातात. गरज किलोमागे 3.5 ते 4 ग्रॅम, म्हणजे या बाळाला 4.2 ते 4.8. आईच्या पोटात ते याच काळात दिवसाला किलोमागे 15 ग्रॅम किंवा अधिक वाढले असते. प्रथिने कमी पडली की लांबी आणि डोक्याचा घेर मागे राहतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या स्वतःच्या आईच्या दुधात सुरुवातीचे काही आठवडे प्रथिने जास्त असतात, म्हणून पहिला मान तिच्या दुधाचा. पेढीचे दूध हा दुसरा पर्याय.

तूट भरायला दुधात पूड मिसळतात. ती बहुधा गाईच्या दुधापासून केलेली असते, म्हणजे ज्या गाईला टाळण्यासाठी पेढी काढली, तीच मागच्या दाराने आत येते. तिचेही मोजमाप लागते. विसाव्या शतकात किलोमागे 6 ग्रॅम आणि त्याहूनही जास्त प्रथिने देऊन पाहिली गेली आणि त्यातल्या सर्वांत लहान बाळांचा बुद्ध्यांक पुढे कमी भरला. त्यामुळे आता किलोमागे साडेचार ग्रॅमच्या वर सहसा कुणी जात नाही. बाळ अंगावर नीट पिऊ लागले आणि वजन चढते राहिले की पूड कमी करत जाऊन थांबवतात.