परित्यक्त संगणकीय खेळ : नक्कल, हक्क आणि इतिहासाचे साधन

विक्रीतून गेलेले जुने संगणकीय खेळ इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेण्याच्या प्रथेस स्वतंत्र नाव मिळाले, ते इ. स. १९९७ च्या सुमारास. ‘अबँडनवेअर’ हा तो शब्द. त्या वर्षाच्या फेब्रुवारी महिन्यात अशा खेळांच्या प्रती ठेवणाऱ्या काही संकेतस्थळांनी परस्परांशी जोडून घेऊन एक साखळी उभी केली. आणि लवकरच अमेरिकेतील खेळ-उत्पादकांच्या संघाने, म्हणजे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या इंटरॅक्टिव्ह डिजिटल सॉफ्टवेअर असोसिएशनने, त्यांच्याविरुद्ध कारवाई आरंभिली. वाद तेव्हापासून चालू आहे. त्यातील नैतिक प्रश्नाचा विचार करू लागले असता प्रथम ह्या शब्दापाशीच थांबावे लागते, कारण पक्षकारांचा अर्धा युक्तिवाद त्या शब्दातच दडलेला आहे.

मराठीत ‘बेवारस’ आणि ‘परित्यक्त’ हे दोन शब्द ह्या संदर्भात सुचतात. परंतु त्यांचे अर्थ एक नव्हेत. बेवारस म्हणजे ज्यास वारस उरला नाही ते. परित्यक्त म्हणजे धन्याने जाणून टाकून दिलेले. ज्या खेळांना अबँडनवेअर म्हणतात, त्यांपैकी बहुतेकांची स्थिती ह्या दोहोंहून निराळी आहे. त्यांना धनी आहे, त्याने हक्क सोडलेला नाही, मात्र तो माल बाजारात आणीत नाही. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील २१ वे कलम येथे बोलके आहे. कर्त्यास आपला हक्क सोडता येतो, पण त्यासाठी त्याने विहित रीतीने तसे जाहीर करावे लागते. नुसते मौन म्हणजे त्याग नव्हे. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने अबँडनवेअर नावाची वस्तूच नाही, हे उत्पादकांचे म्हणणे नाकारण्यासारखे नाही. तथापि कायद्यात वस्तू नाही म्हणून प्रश्नही नाही, असे त्यावरून ठरत नाही.

प्रश्न उत्पन्न होतो तो दोन कालगणनांच्या विसंवादातून. इंग्लंडच्या १७१० मधील आद्य कायद्याने नव्या ग्रंथास १४ वर्षांचे संरक्षण दिले होते, आणि कर्ता हयात असल्यास आणखी १४ वर्षांचे. अमेरिकेत १९९८ च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या नावे निर्माण झालेल्या कृतीचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षे चालतो. म्हणजे १९८५ साली निघालेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ तेथे २०८१ च्या आरंभी सार्वजनिक होईल. भारतात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावल्या वाङ्मयकृतींत गणल्या गेल्या, आणि वाङ्मयकृतीची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आहे. आता दुसरी कालगणना पाहावी. चुंबकीय तबकडीवरील नोंद काही दशकांत क्षीण होते. ती वाचणारे यंत्र त्याहूनही आधी बाजारातून नाहीसे होते. कागदावर छापलेला ग्रंथ शंभर वर्षे कपाटात पडून राहिला तरी वाचता येतो. खेळाची तबकडी कपाटात पडून राहिली, तर हक्काची मुदत संपेल त्या दिवशी मुक्त होण्यास काही उरलेलेच नसते.

धनी खरोखर असतो की नसतो, ह्याविषयी दोन प्रकरणे विशेष बोधप्रद आहेत. पहिले ‘सिस्टिम शॉक २’ ह्या १९९९ सालच्या खेळाचे. त्याच्या निर्मात्यांपैकी लुकिंग ग्लास ही कंपनी २००० साली बंद पडली आणि खेळ दुकानांतून गेला. पुढील बारा वर्षे तो कोणाचाच नाही, अशी शौकिनांची समजूत होती. नकला सर्रास चालू होत्या. पुढे स्टीफन किक ह्या तरुणाला मध्य अमेरिकेच्या प्रवासात तो पुन्हा खेळावासा वाटला, आणि रीतसर प्रत कोठेच मिळेना. त्याने धन्याचा शोध घेतला, तेव्हा हक्क एका विमा कंपनीकडे गेल्याचे आढळले. विमा कंपनीस ह्या खेळाचे काय करावयाचे होते! पण तिने बोलणे केले, करार झाला, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये खेळ नव्या संगणकांवर चालेल अशा रूपात पुन्हा विक्रीस आला. बारा वर्षे ‘कोणाचाच नाही’ म्हणून जो लुटला गेला, त्यास धनी होता. तो कोणी विचारला नव्हता, इतकेच.

दुसरे प्रकरण नेमके ह्याच्या उलट आहे. ‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर’ हा हेरकथेच्या धाटणीचा खेळ मोनोलिथ ह्या संस्थेने रचला आणि २००० साली फॉक्स इंटरॅक्टिव्हने प्रकाशित केला. पुढे प्रकाशक संस्था व्हिव्हेंडीकडे व तिच्यामार्फत अॅक्टिव्हिजनच्या घराण्यात गेली. रचणारी संस्था २००४ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने घेतली. किक ह्यांच्याच नाइटडाइव्ह कंपनीने २०१४ च्या सुमारास ह्या खेळाच्या पुनःप्रकाशनासाठी तिन्ही घरांचे उंबरठे झिजविले. कोणता हक्क आपल्याकडे आहे, हे निश्चयाने कोणालाच सांगता येईना. जुने कागद शोधण्याचा खर्च करण्यास कोणी तयार होईना. नाइटडाइव्हने खेळाच्या नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला, त्यास मात्र वॉर्नर ब्रदर्सने हरकत घेतली. प्रयत्न तेथेच थांबला. म्हणजे हक्क आपला आहे असे ठामपणे सांगता येत नाही, पण दुसऱ्याने तो घेऊ नये इतके पाहता येते, अशी ही अवस्था. वाड्याच्या वाटणीत तीन भाऊबंदांनी कुलपे घालावीत आणि आत वाडा पडत राहावा, हा देखावा महाराष्ट्रातील वाचकास अपरिचित नाही.

ह्या दोन प्रकरणांत उतरवून घेणाऱ्याची कृती बाह्यतः एकच आहे. तिचे नैतिक मूल्य मात्र एक धरता येत नाही. पहिल्यात विचारणा केली असती तर उत्तर मिळण्याजोगे होते. दुसऱ्यात विचारणा झाली, पैसे देऊ केले गेले, आणि उत्तर देणारा कोणी निघाला नाही. धन्यास ज्या नकलेने कवडीचे नुकसान होत नाही, कारण तो विकीतच नाही, ती नक्कल चोरी म्हणणे हा शब्दाचा अतिरेक होय. पण ‘विकीत नाही’ ही स्थिती कायमची समजणे हाही तितकाच मोठा प्रमाद आहे. २०१३ च्या फेब्रुवारीनंतर ‘सिस्टिम शॉक २’ ची फुकट प्रत घेणाऱ्यास आदल्या वर्षीचे समर्थन उपयोगी पडत नाही.

जुने म्हणजे परित्यक्त, हा भ्रम निन्टेन्डो कंपनीच्या बाबतीत तर टिकूच शकत नाही. तिने आपले १९८० च्या दशकातील खेळ प्रत्येक नव्या यंत्राबरोबर पुन्हा विकले आहेत. जुन्या खेळांच्या प्रती वाटणाऱ्या दोन संकेतस्थळांवर तिने २०१८ च्या जुलैमध्ये अमेरिकेत दावा लावला, आणि नोव्हेंबरात १ कोटी २० लक्ष डॉलरांहून अधिक रकमेचा निवाडा झाला. रक्कम धाक बसविण्यापुरती होती हे उघड आहे. पण मूळ तक्रार खोटी नव्हती. मात्र त्याच कंपनीने २७ मार्च २०२३ रोजी आपल्या ‘वी यू’ आणि ‘थ्रीडीएस’ ह्या यंत्रांवरील दुकान नव्या खरेदीस बंद केले, तेव्हा तेथेच तेवढे विकले जाणारे कित्येक खेळ रीतसर मिळण्याचा मार्ग एका दिवसात बुजला. पूर्वी छापलेली प्रत जुन्या बाजारात तरी सापडे. जी वस्तू केवळ तारेवरून येते तिचा जुना बाजारच नसतो.

पोलंडचा इतिहास ह्या वादात सहसा आणला जात नाही, ही उणीव म्हटली पाहिजे. तेथे फेब्रुवारी १९९४ मध्ये नवा स्वामित्वहक्क कायदा होईपर्यंत आज्ञावल्यांच्या नकला उघड्या बाजारात, फळभाजीप्रमाणे, विकल्या जात. त्याच वर्षी स्थापन झालेल्या सीडी प्रोजेक्ट ह्या कंपनीचे संस्थापक ह्याच बाजाराच्या वातावरणात वाढलेले होते. नक्कल स्वस्त असताना लोकांनी मूळ वस्तू का घ्यावी, ह्याचे उत्तर त्यांनी पोलिश भाषांतर, चांगली वेष्टने आणि माफक किंमत ह्यांत शोधले. आणि २००८ मध्ये जुने खेळ कुलूपबंद न करता विकणारे जीओजी हे दुकान काढले. नकलेचा सवयी झालेला ग्राहक रास्त भावात मूळ वस्तू मिळाल्यास ती घेतो, हे त्यांनी सिद्ध केले. ‘सिस्टिम शॉक २’ पुन्हा आला तो ह्याच दुकानातून.

भारतापुरता विचार करता आणखी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. १९९० च्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, आणि तेथून गावोगावच्या संगणकवर्गांत, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ किंवा ‘डेंजरस डेव्ह’ पोहोचले ते बहुधा हातोहात केलेल्या नकलांतून. आपण एकदा विकत घेतलेल्या वस्तूची राखीव प्रत ठेवीत आहोत, हे पाश्चात्य शौकिनांचे आवडते समर्थन येथे लागू पडत नाही. कायद्याची राखीव प्रतीची सवलतही रीतसर धारकासच आहे. उलट, जी वस्तू ह्या देशात साध्या माणसास परवडेल अशा किमतीत कधी आलीच नाही, तिच्या नकलेने येथील विक्री बुडाली असेही म्हणता येत नाही. एका पिढीची संगणकाशी ओळख ह्या नकलांनी करून दिली, आणि तिच्या बालपणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास त्या नकलांवाचून दुसरे साधन मिळणार नाही.

येथे प्रश्न शौकिनाकडून संशोधकाकडे वळतो, आणि तोच खरा अवघड आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा कर्ता जॉर्डन मेकनर ह्याच्याकडे १९८९ च्या मूळ आवृत्तीची आज्ञासंहिता उरली नव्हती. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातील एका खोक्यात त्या तबकड्या सापडल्या. जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी त्या वाचून काढल्या आणि मेकनरने ती संहिता सर्वांस खुली केली. हा योग थोड्यांच्या वाट्यास येतो. त्या काळच्या तबकड्यांवर नक्कल होऊ नये म्हणून मुद्दाम विकृत नोंदी केलेल्या असत. त्या मोडून ज्यांनी चोरट्या प्रती काढल्या, त्यांच्याच प्रतींवर आज कित्येक खेळांचे अस्तित्व अवलंबून आहे. अशा प्रतींच्या आरंभी मोडणाऱ्यांची नावे झळकतात, क्वचित मूळ चित्रही बदललेले असते. पोथीच्या शेवटी लेखनिकाची पुष्पिका यावी तसाच हा प्रकार असून पाठचिकित्सेच्या दृष्टीने तो तितकाच मोलाचा आहे. बखरींचे अभ्यासक नकलांवरूनच पाठ ठरवीत आले. नक्कल कोणाच्या परवानगीने झाली, हा प्रश्न त्यांना क्वचितच पडला असेल. फरक एवढाच की, तेथे धनी कालवश झालेला असे.

अमेरिकेत २००३ मध्ये ग्रंथालयांच्या हितासाठी, कालबाह्य माध्यमांवरील खेळांची कुलपे मोडण्यास मर्यादित सूट मिळाली. ती कुलूप मोडण्याची सूट होती, वाटण्याची नव्हे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी तेथे निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के आज रीतसर मिळत नाहीत. ह्या आधारावर, विक्रीबाह्य खेळ संशोधकांस ग्रंथालयाबाहेरूनही पाहता यावेत अशी मागणी करण्यात आली. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली गेली. कारणांत प्रमुख असे की, दिलेली प्रत करमणुकीसाठी वापरली जाईल. ग्रंथालयातून कादंबरी नेणाऱ्यास ती अभ्यासासाठी नेतोस की मनोरंजनासाठी, असे कोणी विचारीत नाही. परिणामी अभ्यासकाने दूरच्या संस्थेत जाऊन तेथील यंत्रापुढे बसावे, किंवा घरी बसून ज्या संकेतस्थळावर दावा होऊ शकतो तेथून प्रत घ्यावी, हे दोनच मार्ग उरतात. आणि दुसरा अवलंबिल्यास साधनाची जात लपवावी लागते, हे संशोधनास अधिक घातक आहे.

फ्रान्समध्ये १९९२ च्या कायद्याने राष्ट्रीय ग्रंथालयात खेळांच्या प्रती जमा होऊ लागल्या. भारतात १९५४ च्या कायद्यान्वये मुंबईसह चार ग्रंथालयांत प्रकाशकांनी प्रती द्यावयाच्या आहेत, त्या पुस्तकांच्या व पुढे नियतकालिकांच्या. खेळ त्यात येत नाहीत. देशात विक्रीस नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रती ग्रंथालयास करता येतात, आणि ही सवलत देताना कायद्याने पुस्तिका, संगीतलिपी, नकाशे ह्यांचीही आठवण ठेवली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात भर पडून अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी कोणत्याही कृतीची अंकीय प्रत करता येऊ लागली. अट एकच आहे : त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत ग्रंथालयाजवळ आधीपासून असावी. १९८९ साली तबकडीवर जन्मलेल्या खेळाची तशी प्रत कधी अस्तित्वातच नव्हती.