अनुभव नव्हता तेव्हाची परीक्षा

परवा एका कंपनीच्या ऑनलाइन इंटरव्ह्यूत मी आपटलो. अठरा वर्षं बँकांची सॉफ्टवेअर लिहितोय, त्याबद्दल एक प्रश्न नाही. 45 मिनिटांत दोन अल्गोरिदम, आणि पलीकडे एक पोरगा माझ्या स्क्रीनकडे बघत बसलेला. एक सुटला, दुसरा अर्धाच. आधी राग आला, मग ही पद्धत आली कुठून ते शोधत बसलो.

मूळ बरंच जुनं निघालं. 1955 साली आयबीएमने प्रोग्रॅमर निवडायला कलचाचणी काढली. अंकमालिका, आकृत्यांमधलं साम्य, गणिताची उदाहरणं. आपल्या स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता पेपरचीच भावंडं. तेव्हा ते बरोबरही होतं. प्रोग्रॅमिंग केलेली माणसंच मोजकी, मग अनुभव विचारणार कुणाला? चाचणीतले गुण आणि पुढचं काम यांचा फारसा मेळ बसत नाही, हे साठच्या दशकातच अभ्यासांतून दिसलं होतं. तरी चाचणी चालू राहिली. उमेदवारांची रांग मोठी आणि चाळणी स्वस्त, दुसरं काय!

मग मायक्रोसॉफ्टच्या जमान्यात मॅनहोलचं झाकण गोल का, असली कोडी आली. 2013 मध्ये गूगलचे लास्लो बॉक यांनीच जाहीर सांगितलं की या कोड्यांतून काही कळत नाही. कोडी गेली, अल्गोरिदम राहिले. 2015 मध्ये मॅक्स हॉवेलला गूगलने नाकारलं. त्याने लिहिलेलं होमब्रू तिथले बहुतेक इंजिनियर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही, असं त्याचं ट्विट तेव्हा खूप गाजलं.

2020 मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 48 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एकट्याने सोडवणाऱ्यांपेक्षा, कुणी बघत असताना सोडवणाऱ्यांची कामगिरी निम्म्याहून खाली! आता सांगा, मोजलं काय? अक्कल की धडधड?

एक मात्र कबूल. माझ्या टीममधली लातूरकडची पोरगी याच चाचणीच्या जोरावर आली. तिच्या कॉलेजचं नाव बघून कुणी बोलावलं नसतं. फ्रेशरला ही चाचणी घ्याच. पण अठरा वर्षंवाल्याला तुमचंच बिघडलेलं कोड द्या, तासभर एकटं सोडा, मग विचारा काय सापडलं. रात्री दोनला पेमेंट अडकतात तेव्हा आम्ही हेच करतो.

असो. दुसऱ्या एका कंपनीचा राउंड गुरुवारी आहे. लेकीचा अभ्यास झाला की तिच्याच टेबलावर बसून रोज दोन ट्री उलटे करतोय.